नाक्यावरचा मुलगा आणि लाल बावटा

भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५ साली प्रसिद्ध झाली. शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ची. या दोन घटनांमध्ये जेमतेम वर्षाचं अंतर आहे, पण आपल्या अभ्यासांत त्या दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेल्या दिसतात. समीक्षेनं 'वासूनाका'ला 'साहित्य आणि अश्लीलता' या कप्प्यात टाकलं. राजकारणाच्या अभ्यासकांनी सेनेला 'प्रादेशिक अस्मिता' या कप्प्यात. दोन्ही कप्प्यांत ज्याचं नाव नोंदलेलं आहे तो मुलगा मात्र एकच आहे. शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून, चाळीच्या तोंडाशी, पानाच्या गादीला टेकून उभा असलेला. त्याचा बाप गिरणीत, गोदीत, नाहीतर एखाद्या कचेरीत शिपाई किंवा कारकून. बापाच्या डोक्यावर कुठल्या ना कुठल्या युनियनचं छत आहे. मुलाच्या डोक्यावर नाक्यावरचा दिव्याचा खांब.

समाजवादी विचारांच्या छायेत वाढलेल्या वस्तीतून असा मुलगा निघतो, समाजवादाच्या विरुद्ध टोकाला जाऊन उभा राहतो आणि बापाच्या पिढीला तो कुठून आला हेच कळत नाही. हे कोडं आपल्याकडच्या साहित्यानं कसं पाहिलं, किती पाहिलं आणि कुठे नजर वळवली, एवढाच या लेखाचा विषय आहे.

'समाजवादी समाज' हा शब्द मुंबईच्या बाबतीत सैल अर्थानं घ्यावा लागतो हे मला मान्य आहे. राज्य काँग्रेसचं होतं, गिरण्या मालकांच्या होत्या. पण लालबाग, परळ, नायगाव, डिलाइल रोड या पट्ट्यात १९२८मध्ये गिरणी कामगार युनियन निघाल्यापासून पुढची चाळीसएक वर्षं जी बोली रोजच्या वापरात होती ती डाव्यांची होती. संप, टाळेबंदी, मोर्चा, हरताळ, वर्ग, लढा हे शब्द तिथे पुस्तकातून आलेले नव्हते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांच्या लाल बावटा कलापथकानं ते चाळीच्या चौकात डफ-तुणतुण्यावर आणले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष एका समितीत आले आणि डावी भाषा ही मराठी माणसाची भाषा झाली. १९५६ साली दहा वर्षांचा असलेला पोरगा बापाच्या खांद्यावर बसून मोर्चे पाहत होता. त्याच्या कानावर 'आपलं राज्य' हे शब्द रोज पडत होते. १ मे १९६० रोजी राज्य झालं, मोर्चे ओसरले. १९६६ साली हा पोरगा वीस वर्षांचा होता.

त्या वीस वर्षांच्या मुलाला युनियनमध्ये जागा नव्हती. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, व्यवस्थाच तशी होती. युनियनचा पाया मस्टर. ज्याचं नाव मस्टरवर आहे त्याची पगारवाढ, त्याचा बोनस, त्याची बदली, त्याची ग्रॅच्युइटी. मस्टरवरच्या कायम कामगाराच्या खाली 'बदली' कामगार होता. तो रोज सकाळी फाटकावर उभा राहायचा, कुणी गैरहजर असला तर आत जायचा, नाहीतर परत. आणि या बदलीच्याही खाली, फाटकापर्यंतही न पोचलेला, एस.एस.सी. पास किंवा नापास झालेला मुलगा. मालकाकडे त्याच्या वतीनं मागायचं काय? ज्याची पिळवणूकसुद्धा अजून सुरू झालेली नाही त्याच्यासाठी कामगार चळवळीच्या शब्दकोशात शब्द नव्हता. होता तो एक जर्मन शब्द, लुंपेन. तो शब्द गिरणगावातल्या अभ्यासवर्गांतून सर्रास वापरला जाई. तो उच्चारला की विचार संपत असे.

शाखेनं नेमकी ही जागा हेरली. शाखेचा पाया मस्टर नव्हे, नाका. शाखाप्रमुख पोरं उभी असत तिथेच एक फळा लावी, त्यावर रोज खडूनं बातमी लिही. शाखेत यायला नोकरी असावी लागत नसे. उलट नोकरी नसेल तर बरं, दिवसभर हाताशी. 'मार्मिक' हे साप्ताहिक १९६०पासून निघत होतंच. त्यात कंपन्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या, तेव्हा पहिल्यांदा या मुलाला आपल्या बेकारीचं कारण छापील स्वरूपात मिळालं. ते कारण खोटं होतं की खरं हा वेगळा मुद्दा. माझ्या मते बहुतांशी खोटं होतं. पण भांडवलशाहीचं अरिष्ट कळायला अभ्यासवर्गात बसावं लागे. यादी तर नाक्यावर उभ्या उभ्या वाचता येई.

आता 'वासूनाका'कडे येऊ. भाऊ पाध्ये यांचा जन्म १९२६चा. नारायण सुर्वे यांचाही १९२६चाच. मला हा योगायोग फार बोलका वाटतो. दोघंही कामगार चळवळीतून आले. सुर्वे कम्युनिस्टांच्या बाजूनं, पाध्ये समाजवाद्यांच्या बाजूनं. त्यांनी उमेदीच्या काळात कामगार संघटनेत काम केलं होतं आणि 'डोंबाऱ्याचा खेळ' (१९६०) ही त्यांची सुरुवातीची कादंबरी त्याच जगातली. म्हणजे दोघांना एकच माणूस परिचयाचा होता. सुर्व्यांचा 'माझे विद्यापीठ' १९६६ला आला. त्यात रस्ता हेच विद्यापीठ, आणि रस्त्यावर शिकलेला कामगार स्वतःला इतिहासाचा वारसदार मानतो. एका वर्षापूर्वी आलेल्या 'वासूनाका'तही रस्ताच शिकवतो. फक्त तिथला विद्यार्थी पोक्या आहे आणि तो वारसदार बिरसदार काही नाही. त्याला इतिहास नाही, कार्यक्रम नाही, कालची आठवण फारशी नाही. आहे तो आज, हा नाका, समोरून जाणारी पोरगी आणि सांगायची एक गोष्ट.

सुर्व्यांना मराठी वाचकांनी डोक्यावर घेतलं, ते योग्यच झालं. पाध्यांना मात्र आचार्य अत्र्यांपासून अनेकांनी झोडपलं. टीकेचा सूर एकच: ही भाषा, ही पोरं, हा बीभत्सपणा साहित्यात कशाला? लघुनियतकालिकांच्या मंडळींनी बाजू घेतली ती लेखकाच्या स्वातंत्र्याची. अशोक शहाणे प्रभृतींनी पाध्यांना जे स्थान दिलं त्याबद्दल आपण ऋणी आहोत, पण तोही वाद भाषेचाच राहिला. एका बाजूनं म्हणायचं भाषा घाण आहे, दुसऱ्या बाजूनं म्हणायचं भाषा अस्सल आहे. पोक्या बोलतोय काय, याकडे दोन्ही पक्षांचं लक्ष नव्हतं.

अत्र्यांबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण इथे एक विलक्षण गाठ आहे. अत्रे हे काही सोवळे गृहस्थ नव्हते. 'मराठा'तून त्यांनी वापरलेली भाषा ज्यांनी वाचली आहे त्यांना हे सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डाव्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला हा माणूस शिवराळपणाचा सम्राट होता. मग पोक्याची भाषा त्यांना का झोंबली? माझा तर्क असा: अत्र्यांच्या शिवीला पत्ता असे. ती सत्ताधाऱ्याला, विरोधकाला, ढोंग्याला दिलेली असे. पोक्याच्या शिवीला पत्ता नाही. ती कुणालाही दिलेली नाही, ती नुसती बोलण्याची पद्धत आहे. राजकीय माणसाला अशी निष्कारण शिवी समजत नाही, तो तिला विकृती समजतो. आणि वर्षभरानंतर 'मार्मिक'नं आणि शिवाजी पार्कच्या सभांनी केलं ते एवढंच की त्या शिवीला पत्ता दिला. (आमच्या नौपाड्यात आज अत्र्यांच्या नावानं एक कट्टा चालतो. उतारवयातली सुसंस्कृत मंडळी तिथे संध्याकाळी व्याख्यानं, गाणी ऐकायला जमतात, मीही जातो. पोक्या त्या कट्ट्याच्या कठड्यावर येऊन बसला तर काय होईल, असा विचार तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.)

'वासूनाका'च्या समीक्षेत 'परात्मता' हा शब्द पुढे फार वापरला गेला. साठच्या दशकातला तो परवलीचा शब्द. 'कोसला' (१९६३) आली, पाध्यांचीच 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर' (१९६७) आली, आणि सगळ्या तुटलेल्या नायकांना एकाच दोरीत ओवलं गेलं. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, परिभाषेशी माझं नातं उसनवारीचं. पण मला इतकं कळतं की या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि आपण सोयीनं एकच घेतला. एक अर्थ अस्तित्ववाद्यांचा: माणूस जगात फेकला गेलेला, एकटा. दुसरा मार्क्सचा: कामगार आपल्या श्रमापासून, श्रमाच्या फळापासून तोडला गेलेला. धोपेश्वरकर पहिल्या अर्थानं परका आहे, पांडुरंग सांगवीकरही बराचसा पहिल्याच. पोक्याचा बाप दुसऱ्या अर्थानं. पोक्या दोन्हींत बसत नाही. त्याला एकटेपण परवडत नाही. तो सदैव टोळक्यात असतो. आणि तोडलं जायला त्याच्यापाशी श्रमच नाहीत. त्याचा परकेपणा तिसराच आहे: ज्या बोलीत तो वाढला त्या बोलीत त्याच्यासाठी जागा नसण्याचा.

हा तिसरा प्रकार केवळ मुंबईचा नाही हे मला पूर्व जर्मनीच्या इतिहासानं शिकवलं. तिकडे तर खराखुरा समाजवादी समाज होता, अधिकृत, शिक्का मारलेला. बर्लिनच्या भिंतीचं सरकारी नावच मुळी 'फॅसिझमविरोधी संरक्षक तटबंदी' असं होतं. १७ ऑक्टोबर १९८७च्या रात्री पूर्व बर्लिनमधल्या त्सिऑन चर्चमध्ये गाण्यांचा कार्यक्रम चालू असताना तीसएक स्किनहेड मुलं नाझी घोषणा देत आत घुसली आणि तिथल्या पंक पोरापोरींना त्यांनी बडवलं. जवळपास पोलीस होते, ते मध्ये पडले नाहीत. खटला उभा राहिला तो गुंडगिरीच्या कलमाखाली. पहिल्यांदा शिक्षा हलक्या झाल्या, बोभाटा झाल्यावर वाढवल्या गेल्या. अडचण कायद्याची नव्हती, व्याकरणाची होती: ज्या देशानं फॅसिझम मुळासकट उपटला असं जाहीर केलं आहे, त्या देशात तिथेच जन्मलेला, तिथल्याच शाळेत शिकलेला फॅसिस्ट असूच शकत नाही. म्हणून तो गुंड. किंवा मग पश्चिमेनं बिघडवलेला.

गिरणगावात 'लुंपेन' या शब्दानं जे काम केलं तेच तिकडे 'गुंड' या शब्दानं केलं.

परंतु हे साम्य पुढे ओढण्याआधी एक मोठा फरक लक्षात घ्यायला हवा, आणि तोच मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटतो. आपल्याकडे सेनेच्या उदयाचं डावं स्पष्टीकरण कायम एकच राहिलं: बेकारी. पूर्व जर्मनीत बेकारी नव्हती. ती स्किनहेड मुलं बरीचशी कामगार घरांतलीच, स्वतः कामावर जाणारी, वेळेवर जाणारी होती. पोटाचा प्रश्न सुटला तरी हा मुलगा तयार झालाच. मग दोन्हीकडे समान काय? समान हे की चांगले शब्द सगळे बापाच्या पिढीच्या ताब्यात होते. कामगार, लढा, बंधुता, शांतता, फॅसिझमविरोध हे सगळे शब्द शाळेच्या भिंतीवर, सणाच्या भाषणात, सरकारी पत्रकात. ज्याला बापाविरुद्ध बोलायचं आहे त्याच्यासाठी वापरात नसलेला एकच शब्द उरतो, तो म्हणजे निषिद्ध केलेला. तिथल्या मुलानं तो उचलला. चित्रपट दिग्दर्शक कोनराड वाइस यांनी १९८९ साली, भिंत पडण्याआधी, चोरून छापलेल्या एका नियतकालिकात या तरुण फॅसिस्टांबद्दल लिहिलं आणि ते आपल्याच समाजाचं अपत्य आहे हे स्पष्ट म्हटलं. अधिकृत वृत्तपत्रांत तेव्हा ते छापून आलं नसतं. पुढे १९९१ला होयर्सव्हेर्डा आणि १९९२ला रोस्टॉक इथे व्हिएतनामी, मोझांबिकी कामगारांच्या आणि आश्रय मागणाऱ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला तेव्हा सगळ्या जगानं पाहिलं.

साहित्याच्या बाजूनं पाहिलं तर त्या देशालाही त्याची 'वासूनाका' मिळाली होती. उलरिश प्लेंत्सडोर्फ यांची 'तरुण डब्ल्यू.ची नवी दुःखं' ही कृती १९७२ साली 'झिन उंड फॉर्म' या प्रतिष्ठित नियतकालिकात आली. नायक एडगर हा उमेदवारी सोडून पळालेला पोरगा. पूर्व बर्लिनमधल्या एका बागेतल्या झोपडीत एकटा राहतो, निळ्या जीन्सवर त्याचा जीव. तोही पोक्यासारखा पहिल्या पुरुषात, पोरांच्या बोलीत बोलतो. प्रेक्षकांनी आणि वाचकांनी त्याला उचलून धरलं. पण एका नामांकित वकिलानं त्याच नियतकालिकातून किळस व्यक्त केली: असला कामचुकार, तोंडाळ मुलगा आमच्या तरुणांचा प्रतिनिधी कसा? वाद रंगला तो अर्थात भाषेवर आणि नमुन्यावर. 'ही पोरं आपली नव्हेत' हे वाक्य जर्मनमध्येही तितकंच सोपं असतं.

परत गिरणगावात येतो. डिसेंबर १९६७मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या लाल बावट्याच्या कचेरीवर हल्ला झाला. ५ जून १९७० रोजी लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. खटल्यात आरोपी शिवसैनिक होते. पोटनिवडणुकीत देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. सेनेच्या वामनराव महाडिकांनी त्यांचा दोन हजारांहून कमी मतांनी पराभव केला आणि सेनेचा पहिला आमदार झाला तो गिरणगावातून. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ साली जे पुस्तक केलं (मराठीत 'कथा मुंबईच्या गिरणगावाची'), त्यात या काळाबद्दलचे आवाज आहेत. ते वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते: मारणारा आणि मार खाणारा एकमेकांना नावानं ओळखत होते. एकाच चाळीतले, एकाच गणपती मंडळातले. कित्येक घरांत बाप लाल बावट्याच्या युनियनचा सभासद आणि मुलगा शाखेत अशी स्थिती होती, आणि ती दोघं एकाच ताटात जेवत होती. कृष्णा देसाई हे स्वतः पोरांमध्ये मिसळणारे, तालमीतल्या तरुणांना धरून असलेले नेते होते. नाक्याची किंमत ज्या थोड्या कम्युनिस्टांना कळली होती त्यांपैकी ते एक. नेमका तोच माणूस मारला गेला.

या सगळ्याला निव्वळ समाजशास्त्र म्हणून चालणार नाही, हेही नोंदवतो. वसंतराव नाईकांच्या सरकारनं सेनेकडे केलेला कानाडोळा इतका उघड होता की तिला लोक 'वसंतसेना' म्हणत. गिरणीमालकांना लाल बावटा मोडलेला हवाच होता. आणि १९६८च्या मुंबई महापालिका निवडणुकीत सेनेशी हातमिळवणी कुणी केली? प्रजा समाजवादी पक्षानं. ज्या समाजवाद्यांच्या कामगार संघटनेत भाऊ पाध्ये घडले त्यांच्याच गोतावळ्यातला पक्ष. कम्युनिस्टांना शह बसावा हा हिशेब. नाक्यावरच्या मुलाबद्दल समाजवाद्यांना काही विचार करायचा असेल, तर तो करायच्या आधीच त्यांनी त्याच्याशी जागावाटप करून टाकलं.

आमच्या ठाण्याला याआधीच हे सगळं घडून गेलं होतं. १९६७ला ठाणे नगरपालिकेत चाळीसपैकी सतरा जागा सेनेला मिळाल्या, नगराध्यक्षपदही. सेनेची पहिली सत्ता ठाण्याची, हे इथला कुणीही शेंबडा पोरगा सांगेल. ठाण्यात गिरणगावासारखी लाल परंपरा नव्हती. जिल्ह्यात कम्युनिस्ट होते, पण ते तलासरी, डहाणूच्या वारली पाड्यांवर, गोदावरी परुळेकरांनी उभ्या केलेल्या लढ्यात. शहरात होती ती गावदेवी ते घंटाळीपर्यंतची शिकलेली, वाचनालयात जाणारी वस्ती आणि वागळे इस्टेटीत नव्यानं उभे राहणारे कारखाने. म्हणजे इथे बापाचा बावटा आणि मुलाचा झेंडा असा संघर्ष फारसा नव्हताच. सेना आली ती भांडण न होता आली. नौपाड्यातल्या मध्यमवर्गानं मत दिलं आणि नाक्यावरच्या मुलांशी आपला संबंध नाही असंही मानलं. ही दुहेरी सोय गिरणगावाला कधी मिळाली नाही. म्हणूनच असेल, गिरणगावावर मराठीत नाटक-कादंबऱ्या झाल्या. ठाण्याच्या वाट्याला मोठ्या पोस्टरचे चित्रपट आले, ज्यांत नाक्यावरचा मुलगा फक्त घोषणा देणाऱ्या गर्दीत दिसतो.

त्याच पिढीतला दुसरा मुलगा मात्र स्वतः लिहू लागला. तो कामाठीपुऱ्यातून, वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातून आला. १९७२ साली दलित पँथर निघाली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. वय तेच, बेकारी तीच, भाषेचा उग्रपणा तर पोक्याला लाजवील असा. फरक हा की या मुलाच्या पाठीशी आंबेडकरांनी दिलेला वाचण्याचा वसा होता आणि त्याला आपल्या शत्रूचं नाव कुणी यादीत छापून द्यावं लागलं नाही. समाजवाद्यांच्या 'साधना'नं १५ ऑगस्ट १९७२च्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्य दिन' छापला, ही माझ्या दृष्टीनं मराठी समाजवादाच्या इतिहासातली मोठी घटना आहे. रागावलेल्या मुलाला निदान एकदा तरी पान मिळालं. पण पुढे वादळ झालं ते कशावर? लेख होता गावोगावच्या दलित स्त्रियांवरच्या अत्याचारांबद्दल. चर्चा झाली एका वाक्याची, त्यातल्या राष्ट्रध्वजाबद्दलच्या शब्दांची. सात वर्षांपूर्वी 'वासूनाका'बाबत जे घडलं तेच पुन्हा घडलं. मुलगा बोलू लागला की आपण त्याची भाषा तपासायला घेतो.

१९७५ साली भाऊ पाध्ये पुन्हा या मुलाकडे वळले. 'राडा'त शिवसेना नावानिशी आहे. नायक मंदार अण्णा गोरे हा मात्र चाळीतला नाही, उद्योजकाचा मुलगा आहे. दहा वर्षांत पाध्यांच्या लक्षात आलेली ही गोष्ट बेकारीच्या सिद्धान्ताला छेद देते, आणि त्यासाठी त्यांना पूर्व जर्मनीपर्यंत जावं लागलं नाही. राड्याला कारण लागत नाही, राडा हेच कारण असतं, ही जाण त्या कादंबरीत आहे. कलाकृती म्हणून ती 'वासूनाका'च्या पुढे जात नाही असं मला वाटतं. पाध्यांना सांगायची घाई झाल्यासारखी जाणवते. पण मराठीत या विषयावर त्या काळात कुणी आणखी लिहिलं? कुणी नाही. ती बरीच वर्षं वाचकाच्या हाती सहज लागत नव्हती, आणि आपल्याला तिची उणीवही भासली नाही.

यानंतरचा मोठा टप्पा जयंत पवार यांचा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. पंधरा वर्षांनी, १९९७ला, 'अधांतर' रंगभूमीवर आलं. धुरींचं घर, बाप गेलेला, आई आणि चार मुलं: बाबा लेखक होऊ पाहणारा, मोहन क्रिकेटमध्ये बुडालेला, नरू टोळीत, आणि बहीण मंजू. पवार स्वतः गिरणगावातले. त्यांनी नाका घरात आणला. 'वासूनाका'त घर ही नाक्यावरून दिसणारी खिडकी आहे. 'अधांतर'मध्ये घर मधोमध आहे आणि नाका दारातून आत येत-जात राहतो. म्हणून नरू आपल्याला गुंड म्हणून बाजूला ठेवता येत नाही. त्याच ओट्यावर त्याची आई त्याला जेवायला वाढते. बाबाचं लेखक होणं हेही पवारांनी सोडलेलं नाही: शब्द ज्याच्याकडे आहेत त्याच्यापाशी धमक नाही, धमक ज्याच्याकडे आहे त्याच्यापाशी शब्द नाहीत. सुर्वे आणि पाध्ये यांच्यातलं जे अंतर मी वर सांगितलं, ते पवारांनी दोन सख्ख्या भावांत ठेवलं.

आता पाध्यांबद्दलची माझी तक्रार. 'वासूनाका'ची नजर ही नाक्याची नजर आहे आणि पाध्ये ती सोडत नाहीत. लेखक म्हणून ते प्रामाणिक आहे. पण त्याचा परिणाम असा की वस्तीतल्या पोरी आपल्याला येता-जाता, पाठमोऱ्या, पोक्याच्या तोंडूनच कळतात. त्यांच्या वाट्याला जे येतं त्यावर पोरं हळहळतात, हसतात आणि विसरतात. कादंबरीवर अश्लीलतेचा आरोप करणाऱ्यांना हे खुपलं नाही. त्यांना शब्द खुपले. खरं तर या टोळक्याचा पहिला सराव होतो तो आपल्याच गल्लीतल्या पोरीवर. तिच्यावर नजर ठेवायची, तिला आपली म्हणायची, आणि दुसऱ्या गल्लीतल्या कुणी तिच्याकडे पाहिलं तर त्याला ठोकायचं. 'आपलं' आणि 'परकं' ही विभागणी लुंगीवाल्यांच्या आधी, भय्यांच्या आधी, इथे तयार झालेली आहे. ही गोष्ट 'वासूनाका'त आहे असं मी म्हणतो. पाध्यांनी ती जाणून लिहिली की नजरेच्या इमानदारीमुळे ती आपसूक उतरली, याबद्दल वाचकांचं मत वेगळं असू शकेल. त्सिऑन चर्चमधल्या स्किनहेडबद्दलही हे तपासून पाहण्यासारखं आहे. पंक मुलांबरोबर पंक मुलीही तिथे मार खात होत्या.

'अधांतर'मध्ये मंजू निदान रंगमंचावर आहे, बोलते, भावांना उलट उत्तरं देते. गिरणगावच्या घराचा खर्च संपाच्या काळात खाणावळी चालवून, पापड लाटून, घरकामं करून कुणी भागवला, हे आडारकर-मेनन यांच्या पुस्तकातल्या बायका सांगतात. पण त्यांच्या मुलींनी नाका कसा पाहिला, शाखेचा फळा वाचत शाळेतून येताना त्यांच्या मनात काय होतं, दळवी बिल्डिंगवर दगड मारणारा भाऊ संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचे रक्ताळलेले कपडे कुणी धुतले, याबद्दल मराठी कादंबरीत मला अजून काही वाचायला मिळालेलं नाही. त्या मुली आज सत्तरीच्या आसपास असतील. त्यांतल्या बऱ्याच जणी चाळी पडल्यावर लालबाग-परळ सोडून डोंबिवलीला, कल्याणला, ठाण्याला राहायला आल्या आहेत.